तुम्ही विचारलंत: वाळू, लाटा आणि एक दिवसाची ट्रिप

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की बीचवर जायला आठवडाभराची सुट्टी लागत नाही, सकाळी निघून रात्री घरी येऊन झोपायचं अशी ट्रिपसुद्धा मस्त होते, आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर पाठवा. तुम्ही एवढं पाठवलंत की दोन दिवस मी तेच वाचत बसले होते! सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते आणि दोन-तीन जे मला फारच आवडले ते घेतलेत. नावं छापलेली नाहीत.

आम्ही आठ जणांचा ग्रुप, सकाळी दहाला पोचलो तर समुद्र कुठेतरी लांब आत गेलेला, म्हटलं चला मोकळी वाळू मिळाली, तिथेच पाण्याजवळ चटया टाकल्या आणि क्रिकेट खेळायला गेलो, दोनच्या सुमाराला बघतो तर चपला तरंगतायत आणि बॅगा भिजलेल्या. एवढ्या पटकन पाणी येतं का? आणि निघायची वेळ ठरवायची कशी?

येतं ना, आणि तुमच्या पत्रातच त्याचा हिशेब आहे बघा. तुम्ही पोचलात तेव्हा पूर्ण ओहोटी होती. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण भरती सव्वाचारच्या आसपास होणार होती. पण पाणी सहा तास एकाच चालीने वर येत नाही. जुने दर्यावर्दी त्याचे बारा हिस्से करतात: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पण तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिला तासभर वाटतं की काहीच होत नाहीये, आणि मधल्या दोन तासांत, तुमच्या बाबतीत बारा ते दोन, अर्धी भरती येऊन जाते. दोन वाजेपर्यंत बारापैकी नऊ हिस्से पाणी आलेलं होतं, आणि नेमका तेव्हाच तुमचा खेळ रंगलेला.

आता किनारा सपाट असला की हे आणखी जाणवतं. समजा वाळूचा उतार पन्नास मीटरला एक मीटर असा आहे आणि भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक आहे, तर त्या मधल्या दोन तासांत पाण्याची कड पंचाहत्तर मीटर पुढे येते. चटई कितीशी लांब असते! कॅनडात फंडीचा उपसागर म्हणून आहे तिथे तर हा फरक १६ मीटरपर्यंत जातो, आणि उलट भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो इतका कमी की कळतही नाही, त्यामुळे आपण जातोय तिथलं टाइमटेबल बघायचं, दुसरीकडचं नाही.

म्हणून माझं ऐकाल तर ट्रिपची वेळ ठरवताना आधी भरती-ओहोटीचं टेबल उघडा, मग गाडीचं बघा. उलटं करतात सगळे. ‘सगळ्यांना नऊ जमतंय ना, मग नऊला निघू’ असं ठरतं आणि समुद्राला कोणी विचारतच नाही. अजून एक लक्षात ठेवा, ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी मित्राला जी वेळ सोयीची पडली ती या रविवारी पडेलच असं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त खालीही जातं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. खेळायला, फिरायला, शिंपले बघायला ओहोटीचे आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास मला सगळ्यात आवडतात. आणि सामान कुठे ठेवायचं ते वाळूच सांगते, काटक्या, शेवाळ, कचरा यांची एक वाकडी रेघ किनाऱ्यावर पडलेली असते, ती मागच्या भरतीची खूण, तिच्या बऱ्यापैकी वर चटई टाकायची. उधाण यायचं असेल तर आणखी वर.

मी चौथीत आहे. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाच्या भोवती वाळू एकदम कोरडी होते आणि पाय उचलला की तिथे पाणी येतं. पाय दाबला की पाणी बाहेर यायला पाहिजे ना स्पंजासारखं?

अरे मित्रा, काय मस्त बघितलंस! मोठी माणसं आयुष्यभर त्या वाळूवरून चालतात आणि त्यांच्या हे लक्षातही येत नाही. तुझं पत्र वाचून मी माझ्या भाचीला घेऊन मुद्दाम करून बघितलं, पाय टेकवला आणि बघता बघता भोवतीची चकाकी गेली, टाचेभोवती फिकट वर्तुळ उमटलं, आणि पाय काढल्यावर खड्ड्यात पाणी चमकायला लागलं.

आता कारण. पाणी मागे नुकतंच ओसरलंय तिथली वाळू घट्ट बसलेली असते, म्हणजे दाणे एकमेकांच्या खाचांत नीट चपखल बसलेले, मधल्या बारीक फटींत पाणी भरलेलं. तू पाय दाबलास की दाण्यांना सरकावं लागतं, पण घट्ट बसलेले दाणे सरकायचे तर एकमेकांवर चढावेच लागतात, आणि चढले की त्यांच्यामधली जागा वाढते. एका डब्यात गोट्या नीट रचून भर आणि मग हात घालून ढवळ, त्या आधीपेक्षा वर येतील, तसंच. जागा वाढली की वरचं पाणी आत शोषलं जातं, म्हणून वरून कोरडं दिसतं. पाय उचललास की दाणे परत खाली बसतात, जागा कमी होते आणि पाणी वर येतं. वाळू स्पंजाच्या बरोब्बर उलट वागते! ऑस्बोर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याच्यावर लिहिलं आणि पायाभोवती कोरडी होणारी वाळू हेच उदाहरण दिलं. म्हणजे तू आणि तो एकच गोष्ट बघत होतात. पुढच्या वेळी जोरात उडी मारून बघ आणि मग अगदी हळू पाय ठेवून बघ, वर्तुळ केवढं पडतं ते मला कळव.

लाटा सगळीकडे जोरात फुटत होत्या, मधेच एक शांत पट्टा दिसला, म्हटलं मुलांना इथे उतरवू, तर एक काका ओरडत धावत आले आणि आम्हाला बाहेर काढलं. मला जरा रागच आला. शांत पाणी जास्त सेफ नाही का?

ताई, त्या काकांचे आभार माना, मनापासून सांगते. लाटांमधला तो गुळगुळीत, जरा गडद दिसणारा, कधी फेस किंवा गढूळ वाळू आतल्या बाजूला वाहून नेणारा पट्टा म्हणजे बऱ्याचदा रिप करंट असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत कुठून तरी जाणारच ना, ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने जातं, तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही आणि आपल्याला वाटतं वा, किती शांत. त्याचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर असतो, पण कधीकधी तो दोन मीटरच्याही वर जातो, आणि ऑलिंपिकमधले सगळ्यात वेगवान पोहणारेसुद्धा सेकंदाला दोन-सव्वादोन मीटरच जातात. त्याच्याशी झुंजून किनारा गाठता येत नाही, माणूस दमतो, आणि जीव जातो तो दमल्यामुळे.

पण एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करा: रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, तो फक्त आत नेतो. सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे हात मारू नका. तरंगा, श्वास घ्या, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहा, हा पट्टा बहुतेक वेळा काही मीटर ते फार तर काही दहा मीटरच रुंद असतो, त्याच्या बाहेर आलात की जिथे लाटा फुटतायत तिथून तिरके परत या, लाटा ढकलायला मदतच करतात. आणि दुसरं कोणी अडकलेलं दिसलं तर रिकाम्या हाताने उडी मारू नका, बॉल, रिकामा कॅन, रबरी ट्यूब, तरंगणारं जे हाताला लागेल ते फेका आणि लाइफगार्डला बोलवा. वाचवायला गेलेलाच बुडाला असं फार वेळा होतं, म्हणून एवढं सांगतेय.

झेंडे पण बघून ठेवा. लाल-पिवळे दोन झेंडे असतील तर त्यांच्या मधल्या भागावर लाइफगार्डचं लक्ष असतं, पोहायचं तर तिथेच. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही, आणि एकावर एक दोन लाल म्हणजे पाणी पूर्ण बंद. झेंडा नाही, लाइफगार्ड नाही अशा किनाऱ्यावर मी स्वतः घोट्याच्या वर पाण्यात जात नाही, मुलांना तर नाहीच नाही. मजा कमी होते का? मला तरी कधी वाटली नाही.

आम्ही कमरेएवढ्या पाण्यात खेळत होतो, अर्ध्या तासाने बाहेर आलो तर आमचं सामान गायब! शोधल्यावर खूप लांब सापडलं, जसंच्या तसं. कोणी हलवलं असेल?

कोणीच नाही हो, हललात तुम्ही. लाटा किनाऱ्याला सरळ येत नाहीत, थोड्या तिरक्या येतात, त्यामुळे पाणी किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत असतं आणि प्रत्येक उडीबरोबर तुम्हाला पाऊलभर बाजूला नेतं. तुम्हाला कळत नाही कारण सगळा ग्रुपच बरोबर सरकत असतो. उतरण्याआधी किनाऱ्यावरची एक उंच, न हलणारी खूण धरा, झाड, खांब, बिल्डिंग काहीही, आणि दर पाच मिनिटांनी मान वळवून बघा. छत्री ही खूण नव्हे, तशा पन्नास असतात. लहान मुलं बरोबर असतील तर हे फारच महत्त्वाचं, कारण मूल बाहेर येऊन सरळ वर चालत जातं आणि तिथे आई नसते. आम्ही पोचल्या पोचल्या मुलांना ती खूण दाखवतो, त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतो आणि मोबाइलवर त्यांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवतो.

ढगाळ होतं, शिवाय दिवसभर छत्रीखाली बसले होते, सकाळी सनस्क्रीन पण लावलेलं, तरी रात्री खांदे आणि नाक टोमॅटोसारखं लाल! असं कसं?

तीन कारणं आहेत आणि तिन्ही तुमच्या पत्रात आहेत. पातळ ढगांतून नव्वद टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात, गारवा वाटतो म्हणून आपण निर्धास्त राहतो. छत्री वरून येणारे अडवते, पण कोरडी वाळू साधारण पंधरा टक्के किरण परत फेकते आणि समुद्राचा फेस पंचवीस टक्के, ते खालून आणि बाजूने येतात, म्हणून नाक, हनुवटीखाली, कानांच्या मागे भाजतं. आणि तिसरं म्हणजे सकाळी एकदा लावलं की झालं असं नसतं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसलं की पुन्हा लावायचं, आणि भरपूर लावायचं, मोठ्या माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला साधारण तीस मिली लागतं. बोटभर क्रीम घेऊन सगळ्या घराने वाटून घेतलं तर बाटलीवर छापलेला आकडा काही कामाचा नाही. खरं सांगायचं तर लांब बाह्यांचा सुती शर्ट आणि रुंद काठाची टोपी यांना तोड नाही, आणि दहा ते चार यातला जेवढा वेळ सावलीत जाईल तेवढा घालवा.

गाडीत बसताना वाळू पायांवरून जातच नाही, पाण्याने धुतलं तर अजून चिकटते.

धुऊ नका. पाय आधी पूर्ण कोरडे होऊ द्या, मग मूठभर टाल्कम पावडर चोळा आणि टॉवेलने झटका, पावडर ओलावा ओढून घेते आणि वाळू आपोआप सुटते. मोबाइल झिपच्या पिशवीतच राहू द्या.

नवरा म्हणतो गाडी वाळूवरच नेऊया, सामान वाहायला नको.

नको. चाकं रुततात, भरती थांबत नाही, वाळूखाली कासवांची अंडी आणि खेकड्यांची बिळं असू शकतात, आणि वाळूत माणसं झोपलेली असतात. सामान कमी न्या.

ओहोटीच्या वेळी वाळूवर हजारो बारीक बारीक गोळ्या दिसल्या, रांगोळीसारख्या मांडलेल्या, मधे एक छोटं भोक. काय असतं ते?

वाचून इतका आनंद झाला! त्या वाळूच्या गोळ्या करणाऱ्या बारक्या खेकड्यांच्या, इंग्रजीत त्यांना सँड बबलर म्हणतात, हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकच्या उष्ण किनाऱ्यांवर असतात, अंगाने हे खेकडे नखाएवढे. पाणी ओसरलं की हा बिळातून बाहेर येतो, वाळू चिमटीने तोंडात घालतो, दाण्यांना चिकटलेलं सूक्ष्म अन्न तेवढं काढून घेतो आणि राहिलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो, म्हणजे तीच वाळू परत चाळायला नको. बिळापासून सरळ रेषेत बाहेर जातो, परत येतो, बाजूची रेष धरतो, त्यातून ती नक्षी होते. भरती यायला लागली की बीळ बंद करून आत हवेचा बुडबुडा धरून बसतो. बघायचा असेल तर दोन मीटरवर जाऊन उकिडवे बसा आणि पाच मिनिटं अजिबात हलू नका. तुमची पावलं वाजली की सगळे एकदम आत पळतात, आणि मग एक डोळा बाहेर येतो, मग दुसरा, मग सगळा खेकडा.

मुलीने किनाऱ्यावर पडलेला जेलीफिश उचलला आणि हात भाजल्यासारखा झाला. मेलेला होता की तो! आम्ही गोड पाण्याने धुतलं, चोळलं, तर जास्तच आग झाली.

मेलेल्याचे, तुटलेल्या तंतूंचेही डंख चालू असतात, त्या पेशी स्पर्शाने फुटतात. चोळलं की आणखी फुटतात, आणि गोड्या पाण्याने पण तेच होण्याचा धोका असतो. पुढच्या वेळी समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, आणि मग हाताला सोसेल इतक्या गरम, म्हणजे फार तर ४५ अंश पाण्यात वीस ते चाळीस मिनिटं बुडवून ठेवा, वेदना कमी होते. व्हिनेगर काही जातींवर चालतं, काहींवर उलटतं, म्हणून लाइफगार्डला विचारल्याशिवाय ओतू नका. त्यावर लघवी करायची असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याचा उपयोग होत नाही. श्वास लागला, चेहरा सुजला, चक्कर आली तर वेळ न घालवता दवाखाना.

माझं वय एकाहत्तर. गुडघे दुखतात, पाण्यात उतरवत नाही. नातवंडं चला म्हणतात, पण मी तिथे जाऊन काय करू? त्यांना माझा अडथळाच व्हायचा.

आजी, तुम्ही जाच. पहिली गोष्ट, कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायचं नाही, तिथे पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो. पाणी नुकतंच मागे गेलेल्या ओल्या, कडक वाळूवर चाला, तिथे दाण्यांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं, पाय नीट टेकतो. खुर्ची नेलीत तर पायांखाली एक फळी टाका म्हणजे ती एका बाजूला कलणार नाही. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुरू होतात, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून बसा, डोळ्यांत वाळू जात नाही, आणि छत्रीचं तोंड मात्र वाऱ्याकडे कललेलं हवं, नाहीतर उडते.

आणि एक भिंग घेऊन जा पर्समध्ये. चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन नातवंडांना बोलवा आणि त्यात काय काय दिसतं विचारा. काचेसारखे दाणे बहुतेक क्वार्ट्झचे, डोंगरातून नद्यांनी आणलेले, गुलाबी-पांढरे चपटे तुकडे शिंपल्यांचे. हवाईमध्ये एक हिरव्या वाळूचा किनारा आहे, तो ऑलिव्हिन नावाच्या खनिजामुळे, आणि प्रवाळ बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी पॅरटफिश नावाच्या माशांनी प्रवाळ कुरतडून, दळून, पोटातून बाहेर टाकलेली असते. हे सांगितलंत ना की पोरं पाणी सोडून तुमच्याभोवती बसतील. शंख उचललाच तर आत कोणी राहत नाही ना बघा, साधूखेकड्याला दुसरं घर सहज मिळत नाही, आणि बघून झाला की तिथेच ठेवा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर वाळू-शिंपले घरी नेले म्हणून दंड होतो.

अडथळा वगैरे मनातून काढून टाका. सगळे पाण्यात असताना किनाऱ्यावर बसून डोकी मोजणारं एक माणूस लागतंच, आणि ते काम पोहणाऱ्यांपेक्षा मोठं आहे.

किल्ला दर वेळी ढासळतो, आणि उभा राहिलाच तर भरतीत वाहून जातो आणि धाकटा रडरड रडतो. काही उपाय?

ढासळण्यावर आहे. आठ बादल्या कोरड्या वाळूला एक बादली पाणी हे माप धरा, दाण्यांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि तेच वाळूला धरून ठेवतात. पाणी फार झालं की पूल राहत नाहीत, नुसता चिखल होतो. कालवून बादलीत थरथराने दाबून भरा, वाळू जितकी बारीक आणि टोकेरी तितकी चांगली. फक्त खड्डा गुडघ्यापेक्षा खोल खणू देऊ नका आणि आत कोणाला बसवू नका, वाळूच्या भिंती न सांगता कोसळतात आणि आत अडकलेल्याला काढणं फार कठीण असतं. घरी जाताना खड्डा बुजवा, रात्री अंधारात कोणाचा तरी पाय मोडतो.

आणि रडण्याचं म्हणाल तर किल्ला भरतीपासून लांब नेऊ नका, उलट पाणी येणारच अशा जागी बांधा, आणि धाकट्याला बांधायच्या आधीच सांगून टाका की चार वाजता समुद्र येणार आहे आणि आपण दोघं शेजारी बसून बघणार आहोत. भोवती खंदक खणा, समुद्राकडच्या बाजूला जाड भिंत घाला. मग पहिली लाट खंदकापर्यंत येते आणि मागे जाते, सातवी-आठवी खंदक भरते, मग भिंतीचा पाया आतून पोखरला जातो, भिंतीवर एक बारीक भेग दिसते, आणि धाकटा ओरडतो की आली आली आली!